दुर्कसने केलेली वस्त्रे
वाचन : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२



यापोतील दुर्कस वारली, तेव्हा विधवांनी रडत रडत तिने केलेली वस्त्रे पेत्राला दाखवली. तिने उरलेसुरले दिले नव्हते. स्वतः करून दिले होते.

भोकरदन तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवर मी एकदा मंडळीतून आलेली गाठोडी न तपासताच वाटली. एका आईने डागाळलेला, बटणे तुटलेला फ्रॉक परत केला. म्हणाली, "ताई, गरीब आहोत, पण लेकीला हे कसं घालू?" मी खजील झाले.

आता आम्ही कपडे आधी निवडतो, धुतो, कडक उन्हात वाळवतो, मग शिवतो. लुगडे मध्ये विरले की आपल्या आज्या तेवढा भाग कापून धड तुकडे जोडीत. त्याला 'दंड घालणे' म्हणत. तीच रीत आमची. साडीच्या धड भागाचे परकर, झबली होतात. विरलेला भाग गोधडीत जातो. १९९९ साली सुरू झालेली 'गूंज' संस्था तर गावाने केलेल्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे देते. घेणाऱ्याची मान ताठ राहते.

मननासाठी : गाठोडे बांधताना विचारू या, हा कपडा मी माझ्या लेकराला घातला असता का?