धुरके आणि वैद्याची नोंदवही

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात वायू, उदक, देश व काल हे चार भाव बिघडले म्हणजे संपूर्ण जनपद एकाच वेळी व्याधिग्रस्त होते, असे प्रतिपादन आहे. धूळ व धूर यांनी युक्त असणे हे तेथे विकृत वायूचे लक्षण मानले आहे; श्वासव्याधीच्या हेतूंतही रज व धूम येतात. मुंबई-पुण्यातील हिवाळी धुरक्याचा विचार आपण याच सूत्राने करावयास हवा.

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते. तिच्यालगतची थंड हवा वरील उष्ण थराखाली अडकते आणि वारा मंद असल्यास वाहनांचा धूर व बांधकामाची धूळ तेथेच साचते. त्यातील २.५ मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण फुफ्फुसांत खोलवर पोहोचतात. त्यांची चोवीस तासांची मर्यादा भारतीय मानकानुसार (२००९) प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ ही मर्यादा सुचविली.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर जवळच्या केंद्राचा हवा गुणवत्ता निर्देशांक पाहता येतो. २०० च्या पुढे तो ‘वाईट’ श्रेणीत जातो. मात्र सूक्ष्म कणांसाठी त्यात चोवीस तासांची सरासरी धरलेली असल्याने पहाटेची तीव्रता झाकली जाऊ शकते.

म्हणून आम्ही सुचवितो की, प्रत्येक चिकित्सालयात रोज पुढील नोंद ठेवावी : त्याच एका केंद्राचा निर्देशांक, वारा व धुरके, एकूण रुग्ण, आणि त्यांपैकी प्रतिश्याय, कास व श्वासाचे नवे रुग्ण. औषधविक्रेत्यांनी सितोपलादी चूर्णादी कासहर औषधांची दैनिक विक्री टिपावी. परिणाम एक-दोन दिवसांनी दिसू शकतो. साथीचा खोकलाही याच ऋतूत येतो. त्यामुळे चार दिवसांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये.

आपल्या सल्ल्यातही विवेक हवा. पहाटेचा व्यायाम दिनचर्येत प्रशस्त खरा. परंतु धुरक्याच्या दिवशी श्वासरोगी, वृद्ध व बालकांना ऊन चढल्यावर आणि हवा निवळल्यावरच बाहेर पाठवावे. बंद खोलीत धूपन सांगू नये. चालू असलेली श्वासाची फवाऱ्याची औषधे रुग्णास परस्पर बंद करू देऊ नयेत. बोलताना धाप लागणे वा ओठ निळसर होणे दिसताच त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

जनपदाचा व्याधी एका नाडीवरून कळत नाही. शेजारच्या दहा नोंदवह्या एकत्र मांडल्या, तर आपल्या वस्तीचे दुखणे नगरपालिकेपुढे पुराव्यानिशी ठेवता येईल.