एडीसी चिपची निवड : वजनकाट्याच्या उदाहरणाने

धान्याचे पोते इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवताच समोर अंक उमटतो आणि त्या एका अंकावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल ठरते. व्होल्टेजचे अंकात रूपांतर करणाऱ्या चिपला ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजेच एडीसी, म्हणतात. तिची निवड कशी करावी, हे या काट्याच्याच आधारे पाहू.

काट्यातील लोडसेल भाराने किंचित वाकतो व अत्यल्प व्होल्टेज देतो. समजा, ५० किलो क्षमतेच्या लोडसेलची संवेदनक्षमता प्रतिव्होल्ट २ मिलिव्होल्ट आहे. ५ व्होल्ट पुरवठ्यावर पूर्ण भाराला त्यातून केवळ १० मिलिव्होल्ट मिळतात. आर्डुइनो उनो बोर्डावरील १० बिटांची एडीसी ५ व्होल्टचे १०२४ भाग करते. प्रत्येक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा. म्हणजे ५० किलोंसाठी जेमतेम दोन पायऱ्या! रिकामा काटा आणि २० किलोंचे पोते यांतील भेदही तिला कळणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा : लहानात लहान कोणता फरक ओळखावयाचा आहे? १० ग्रॅमचा फरक हवा असल्यास ५० किलोंचे ५००० भाग आवश्यक ठरतात. १२ बिटांत ४०९६ भाग मिळतात, ते अपुरे. १३ बिटांत ८१९२. शिवाय विद्युत गोंगाटामुळे शेवटचे काही बिट अस्थिर राहतात. म्हणून बिट अधिक घ्यावेत आणि संकेताचे आधी वर्धन करावे.

दुसरा प्रश्न वेगाचा. दूरध्वनीवरील आवाजासाठी सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात. काट्याला १० पुरेसे होतात. जेथे घाई नाही तेथे सिग्मा-डेल्टा प्रकारची संथ, परंतु सूक्ष्म चिप योग्य ठरते. वेगवान ऑसिलोस्कोपला मात्र ती उपयोगी नाही.

तिसरा प्रश्न संदर्भ-व्होल्टेजचा. संदर्भच डळमळला, तर सारी मोजणी डळमळते. लोडसेलचा पुरवठा आणि एडीसीचा संदर्भ एकच ठेवला, तर पुरवठ्यातील चढउतार परस्परांना छेदतात.

एचएक्स ७११ ही चिप या तिन्ही कसोट्यांना उतरते : २४ बिट, अंतर्गत १२८ पट वर्धन आणि सेकंदाला १० अथवा ८० वाचने. तथापि २४ बिट म्हणजे तितकी अचूकता नव्हे. प्रमाणित वजन ठेवून काटा जुळवल्यावाचून उत्तम चिपही चुकीचाच अंक दाखवील, आणि त्या चुकीची किंमत पोते आणणारा मोजील.