गोदामाचा पत्रा घेतांना काय पाहावें

हल्लीं गांवोगांवीं लांकडी वासे व कौलें जाऊन लोखंडी सांगाड्याचीं गोदामें उभीं राहत आहेत. सांगाड्याच्या वजनाची चौकशी आमचे शेतकरी बंधु कसोशीनें करितात. पत्रा मात्र दुकानदार देईल तो आणितात, फार तर जाडी विचारितात. वास्तविक पत्र्याचें आयुष्य जाडीपेक्षां त्यावरील मुलाम्यावर अधिक अवलंबून असतें.

जस्ती पत्र्याचा मुलामा दर चौरस मीटरास दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम जस्त, या हिशेबानें मोजतात. १२० ग्रॅमचा व २७५ ग्रॅमचा पत्रा नवा असतां सारखाच चकाकतो. त्यांतील २७५ ग्रॅमचा थरही एका बाजूस सुमारें १९ मायक्रॉनच, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भागसुद्धां नव्हे! जस्त स्वतः झिजून लोखंडास राखतें. तें सरलें कीं गंज चढतो. याकरितां मुलाम्याचा आंकडा पावतीवर लिहून घ्यावा, व सांगितलेली जाडी मुलामा धरून कीं सोडून, हेंही विचारावें.

दुसरा प्रकार जस्त व ॲल्युमिनियम यांच्या मिश्र मुलाम्याचा. यांत शेंकडा ५५ भाग ॲल्युमिनियम, सुमारें ४३.५ भाग जस्त व बाकी सिलिकॉन असतें. पावसापाण्यांत हा साध्या जस्ती पत्र्याहून पुष्कळ अधिक टिकतो. धान्याच्या व अवजारांच्या गोदामास आम्ही हाच सुचवूं. परंतु गोठ्यावर तो घालूं नये. जनावरांच्या मुतापासून अमोनिया वायु निघतो, पत्र्याच्या खालच्या अंगास धरलेल्या दंवांत मिसळतो, आणि तें पाणी ॲल्युमिनियमास खातें. गोठ्यास जाड मुलाम्याचा जस्ती पत्रा, तोही आंतून रंगविलेला असावा, व आढ्याशीं हवेस वाट ठेवावी. गोदाम व गोठा यांस मिळून एकच पत्रा स्वस्तांत उतरतो खरा, पण ती काटकसर नव्हे.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें. त्यानंतरचे पंचनामे लिहितांना आम्हीं एक गोष्ट पाहिली. रकान्यांत ‘पत्रे उडाले’ एवढेंच लिहावयाचें असे. पण उडून शेतांत पडलेले कित्येक पत्रे धड होते, केवळ स्क्रूभोंवतींचीं भोकें गंजून रुंदावलीं होतीं. दोष पत्र्याचा नव्हता, साध्या स्क्रूचा होता. स्क्रू मुलाम्याचे व रबरी चकतीचे घ्यावे. वारा कडेला व आढ्याजवळ अधिक उचलतो, म्हणून तेथें ते जवळ जवळ मारावे. छपरावर कापाकापी झाल्यास लोखंडाचा कीस त्याच दिवशीं झाडून काढावा. तसाच राहिल्यास पहिल्या पावसांत तांबूस डाग पडतात.

आणखी एक. पत्रे आणून महिना महिना अंगणांत रचून ठेवण्याची आमच्याकडे चाल आहे. थरांत ओल शिरली कीं जस्तावर पांढरी पूड येते, व छपरावर चढण्यापूर्वींच मुलामा झिजूं लागतो. ठेवणें भागच असेल तर ठोकळ्यांवर, एक टोंक उंच करून, कोरड्या जागीं ठेवावे.