अविभाज्य साधनाचा सामायिक वापर : सर्व्हर, तार्किक विभाग आणि टेप ड्राइव्ह

वाराणसी येथील काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरातील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९ फेब्रुवारी २०१९ रोजी 'परम शिवाय' या महासंगणकाचे उद्घाटन झाले. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून उभा राहिलेला हा पहिला महासंगणक होय. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तो सुमारे ३२.५ कोटी रुपये खर्चून उभारला. त्याची क्षमता ८३० टेराफ्लॉपहून अधिक, म्हणजे सेकंदाला ८३० लक्ष कोटींहून अधिक गणिती क्रियांची आहे. असे यंत्र एका संशोधकासाठी घेणे परवडत नाही. अनेकांची कामे रांगेत लावून ते सामायिकपणे वापरावे लागते. सामायिक वापराचे नियम मात्र साधनाच्या स्वरूपानुसार बदलतात. हा फरक सर्व्हरवरील एका साध्या उपकरणाच्या, टेप ड्राइव्हच्या, आधारे स्पष्ट करता येतो.

विभाज्य आणि अविभाज्य साधने

मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र भाग करता येतात. त्यांना लॉजिकल पार्टिशन अथवा तार्किक विभाग म्हणतात. प्रत्येक विभागाची कार्यप्रणाली वेगळी असते. एका विभागात वेतनपत्रके, दुसऱ्यात परीक्षांचे निकाल आणि तिसऱ्यात ग्रंथालयाच्या नोंदी ठेवता येतात. प्रोसेसरचा वेळ आणि स्मृती ही साधने या विभागांत हिश्श्याने वाटता येतात.

टेप ड्राइव्हचे तसे नाही. चुंबकीय फितीवर माहिती एकामागून एक अशा क्रमाने लिहिली जाते. दोन विभागांनी एकाच वेळी लिहिल्यास दोघांचीही माहिती निरुपयोगी होईल. म्हणून ड्राइव्हचा ताबा एका वेळी एकाच विभागाकडे असावा लागतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही अविभाज्य आणि उपभोगात प्रतिस्पर्धी असलेली भांडवली वस्तू आहे.

सामायिक वापराच्या तीन पद्धती

१. हस्तांतर : पहिल्या विभागाचे काम संपल्यावर फीत बाहेर काढली जाते, त्या विभागाच्या कार्यप्रणालीतून ड्राइव्हची नोंद काढली जाते आणि ड्राइव्ह ज्या ॲडॅप्टरला जोडलेला आहे तो दुसऱ्या विभागाकडे सोपविला जातो. आधुनिक सर्व्हरवर हे यंत्र बंद न करता करता येते. मात्र त्या ॲडॅप्टरला जोडलेली अन्य उपकरणेही सोबत जातात. म्हणून टेप ड्राइव्हसाठी स्वतंत्र ॲडॅप्टर राखणे हिताचे ठरते.

२. मध्यस्थ : ड्राइव्ह कायम एकाच विभागाकडे राहतो. इतर विभाग आपली माहिती जाळ्यामार्फत त्याच्याकडे पाठवितात आणि तो ती क्रमाने फितीवर उतरवितो. व्यवस्था सोपी होते. परंतु मध्यस्थ बंद पडल्यास सर्वांचेच काम थांबते.

३. साठवण-जाळे : ड्राइव्ह जाळ्यावर सर्व विभागांना दिसतो. ज्याला काम आहे तो विभाग त्यावर आरक्षण ठेवतो आणि काम संपताच ते सोडतो. आरक्षण न सोडताच एखादा विभाग बंद पडला, तर व्यवस्थापकाला ते हटवावे लागते.

खर्च आणि वेळ यांचा हिशेब

२०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ प्रकारच्या फितीवर संक्षेपाविना १८ टेराबाइट माहिती मावते आणि ड्राइव्हचा कमाल वेग सेकंदाला ४०० मेगाबाइट असतो. तीन विभागांची प्रत्येकी ४ टेराबाइट माहिती आहे असे मानू. एका विभागाला १०,००० सेकंद, म्हणजे सुमारे २ तास ४७ मिनिटे लागतील. तिघांचे मिळून ८ तास २० मिनिटे होतील. प्रत्येक हस्तांतरास १५ मिनिटे धरली, तर दोन हस्तांतरांसह ८ तास ५० मिनिटे पुरतात. रात्रीचे १० तास उपलब्ध असल्यास एक ड्राइव्ह पुरेसा आहे. तीन घेतल्यास प्रत्येक ड्राइव्ह रात्रीचा बहुतांश काळ पडून राहील. मात्र चौथा विभाग वाढला, तर हिशेब ११ तासांच्या पुढे जातो. तेव्हा दुसरा ड्राइव्ह घ्यावा की कमी महत्त्वाची माहिती एक रात्र आड नोंदवावी, हा निवडीचा प्रश्न उभा राहतो. हाच संधी-खर्च होय.

सुरक्षित प्रतीचे मोल

नोव्हेंबर २०२२ मध्ये नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. नोंदणीसह अनेक कामे काही दिवस हाताने करावी लागली. ई-हॉस्पिटल प्रणालीची माहिती हल्ल्यातून बचावलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळविण्यात आली. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेली फीत तर जाळ्यापासून पूर्णतः अलग असते; जाळ्यातून येणारा हल्ला तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणूनच रांगेत ज्याची पाळी चुकली, त्या विभागाची जोखीम सर्वाधिक असते. पाळीचा क्रम सोयीनुसार न ठरविता माहिती गमावल्यास होणाऱ्या हानीनुसार ठरवावा आणि फितीवरून माहिती परत मिळते की नाही, याची वेळोवेळी चाचणी घ्यावी. साधन सामायिक असले, तरी त्याच्या वापराची जबाबदारी निश्चित असलीच पाहिजे.

सरावासाठी प्रश्न

१. विभाज्य व अविभाज्य साधनांतील फरक सर्व्हरच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. टेप ड्राइव्हच्या सामायिक वापराच्या तीन पद्धतींची तुलना करा.
३. वरील उदाहरणात प्रत्येक विभागाची माहिती ५ टेराबाइट झाल्यास एक ड्राइव्ह १० तासांत पुरेल काय? हिशेब मांडा.