मापाचे वजन कसे काढावे

आपल्याकडे धान्य मोजण्याची जुनी रीत मापाची. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, असा तिचा क्रम. यांपैकी ‘शेर’ हा शब्द फसवा आहे. मापाचा शेर म्हणजे भांड्यात मावेल तेवढे धान्य. वजनाचा पक्का शेर म्हणजे ८० तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली आणि १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला. तथापि घरातील वाटी व पायली काही हटली नाही. चार माणसांच्या स्वयंपाकात त्याने बिघडत नाही. परंतु महिला मंडळे लोणची, पापड, भाजणी विक्रीसाठी करू लागली, की किराणा किलोने आणावयाचा आणि कृती मात्र वाटीची, अशी अडचण उभी राहते.

प्रथम वाटी किती मापाची आहे ते पाहावे. रिकामी वाटी तोलून नंतर ती काठोकाठ पाण्याने भरून तोलावी. वजनात पडलेला फरक ग्रॅममध्ये जितका, तितकेच मिलिलिटर वाटीचे माप समजावे. मग वाटी पुसून कोरडी करावी, जिन्नस वरून सैल ओतावा, हातवा न आपटता सपाट पट्टीने काठाबरोबर निपटावा व तोलावे. असे तीनदा करून सरासरी घ्यावी. २०० मिलिलिटरच्या वाटीत तांदूळ सुमारे १६५ ग्रॅम बसतात. चाळलेली कणीक मात्र १०० ग्रॅमच्या आसपास, आणि तीच दाबून भरली तर १३० ग्रॅमपर्यंतही जाते. यास्तव पिठाच्या बाबतीत मापावर कधीच विसंबू नये. डाळी व तांदूळ यांत वाटीमागे फरक थोडा असल्याने तेथे फारसे अडत नाही.

शीग लावून मोजण्याची सवय याहून महाग पडते. १० सेंटीमीटर व्यासाचे, सुमारे पावणेतेरा सेंटीमीटर उंचीचे माप घ्या. त्यात एक लिटर मावते व शिगेत सुमारे ६५ मिलिलिटर धान्य राहते. तेवढेच एक लिटर मावणारे, पण १६ सेंटीमीटर व्यासाचे व ५ सेंटीमीटर उंचीचे पसरट माप घेतल्यास शीग २७० मिलिलिटरच्या आसपास जाते! व्यास दुप्पट झाला की शीग आठपट होते. मापाने धान्य विकणाऱ्याने समोरच्याचे भांडे पसरट आहे की उभे, हे अवश्य पाहावे. धान्य ओलसर असेल तर दाणा फुगलेला असतो; मापात तो कमी मावतो, आणि त्या वजनातही काही भाग पाण्याचाच असतो.

लोणच्याच्या मिठाची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण मीठ कमी पडल्यास लोणचे टिकत नाही. समजा, कृती बारीक मिठावर बेतलेली आहे व त्याची वाटी २४० ग्रॅम भरते. तीच वाटी खडे मिठाने भरली असता खड्यांमधील पोकळीमुळे २०० ग्रॅमच भरली. एका वाटीत ४० ग्रॅमची तूट जाणवणार नाही. वीस वाट्यांच्या घाण्यात ती ८०० ग्रॅम होते. बुरशी आल्यावर कैरीला किंवा बरणीला दोष दिला जातो, मिठाच्या खड्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मोहरीची डाळ व तिखट यांचेही असेच: भरड दळलेले व वस्त्रगाळ, दोन्ही निरनिराळे तोलून पाहावे.

मिळालेले आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून फडताळाच्या दाराला लावावेत. त्यावर वाटीचे माप, जिन्नस, तो बारीक की भरड आणि तोलल्याची तारीख असावी. नवे धान्य घरात आले, गिरणी बदलली किंवा वाटी बदलली की त्या जिन्नसाचे वजन पुन्हा घ्यावे.