मुरगळलेला घोटा आणि शर्यत

श्रावणात बांधावरून उडी मारताना माझा घोटा मुरगळला. आज्जी गरम तेलाने चोळणारच होती, पण गुरुजी म्हणाले, "दोन दिवस चोळू नका." मुरगळल्यावर हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध ताणले जातात व सूज येते. चोळलं तर ती वाढते. गार पाण्याची घडी ठेवावी, पाय उशीवर घ्यावा. पाय टेकवताच येत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांचाही घोटा दुखावला होता. त्यामुळे त्यांची २०१८ ची आशियाई स्पर्धा हुकली. पण त्याच वर्षी भुवनेश्वरला ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२० साली दिल्लीच्या रस्त्यावर २१ किलोमीटर अंतर १ तास ३० सेकंदांत पळाले. तेवढ्या वेळात आमची एसटी तरी पोचते का!

मी आधी नुसता चाललो. मग रोज एका पायावर उभा राहिलो, त्याने घोट्याला तोल सापडतो. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, गावच्या शर्यतीत उतरलो. उतारावर ठणका लागला तेव्हा चाललो. पोरं हसली. चढावर परत पळालो. नववा आलो. घरी येऊन आधी घोटा बघितला, सूज नव्हती.