आजीचा आवाज घरभर

मुलांनो, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एडिसन नावाचे एक गाव आहे. थॉमस अल्वा एडिसन या संशोधकाचे नाव त्या गावाला १९५४ साली देण्यात आले. या गावातील मेन्लो पार्क भागात एडिसनची प्रयोगशाळा होती. तेथे १८७७ साली त्याने फोनोग्राफ तयार केला. बोललेला आवाज साठवून तो पुन्हा ऐकवणारे ते पहिले यंत्र होय. आज या गावात भारतीय लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांत मराठी घरेही आहेत.

फोनोग्राफचा आवाज फार बारीक असे. पुढे नाणे टाकून गाणी ऐकण्याची यंत्रे निघाली. ऐकणारा रबरी नळ्या कानांना लावी. गाणे त्यालाच ऐकू येई. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नसे. खोलीतल्या सर्वांना ऐकता यावे म्हणून मग यंत्राला मोठा कर्णा बसवू लागले. गाणे एकट्याने ऐकायचे की सर्वांनी मिळून? हा प्रश्न इतका जुना आहे!

शंभर वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा आला. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन नावाचे छोटे यंत्र विकायला आणले. हातात मावणाऱ्या या यंत्रावर कॅसेट वाजे आणि ती हेडफोनने ऐकता येई. पुढच्याच वर्षी वॉकमन अमेरिकेत पोहोचला. एवढे लहान यंत्र बनवता आले ते ट्रान्झिस्टरमुळे. ट्रान्झिस्टरचा शोधही न्यू जर्सीतच, बेल प्रयोगशाळेत, १९४७ साली लागला होता.

त्या काळी परदेशात फोन करणे फार महाग होते. म्हणून घरची माणसे कधी कधी आपला आवाज कॅसेटमध्ये भरून पाठवत. समजा, एडिसन गावातील एका मराठी घरी साताऱ्याहून अशी कॅसेट आली. तिच्यात आजीने गोष्ट सांगितली आहे. पण हेडफोन एकच! ताई ऐकते आणि खुदकन हसते. धाकटा भाऊ विचारतो, "ताई, काय म्हणाली गं आजी?" आई स्वयंपाकघरातून डोकावते. सर्वांनाच आजीचा आवाज ऐकायचा आहे. काय करावे बरे?

ताईने एक साधा स्पीकर आणला. हेडफोनची पिन काढून तेथे स्पीकरची पिन लावली. आवाज आला, पण किती? जणू डास गुणगुणतो आहे! असे का झाले?

हेडफोन आणि स्पीकर ही सख्खी भावंडे आहेत. दोघांतही सहसा एक पातळ पडदा, तारेचे वेटोळे आणि लोहचुंबक असते. तारेतून येणारा विजेचा प्रवाह कमीजास्त होतो. तसे वेटोळे मागेपुढे हलते. त्याबरोबर पडदा हलतो आणि हवा थरथरते. ही थरथर कानापर्यंत आली की आपल्याला आवाज ऐकू येतो.

पण दोघांचे काम सारखे नाही. हेडफोनला फक्त कानाजवळची हवा हलवायची असते. त्याला एका वॉटचा हजारावा भागही पुरतो. स्पीकरला मात्र खोलीभर आवाज पोहोचवायचा असतो. त्याला अर्धा-एक वॉट तरी लागतो. मुंगी साखरेचा दाणा ओढते. गुळाची ढेप तिला कशी ओढवेल? वॉकमनमधून येणारी वीज हेडफोनच्या मापाची होती. स्पीकरला ती अपुरी पडली.

यावर उपाय आहे. काही छोट्या स्पीकरमध्ये स्वतःचा ध्वनिवर्धक असतो आणि त्यासाठी सेलही असतात. ध्वनिवर्धक काय करतो? बैलगाडी आठवा. गाडीवान कासरा जरासा ओढतो. तेवढ्याने गाडी वळते. पण गाडी ओढतात ते बैल. वॉकमनमधून येणारा बारीक प्रवाह म्हणजे कासरा. सेलची शक्ती म्हणजे बैल. ध्वनिवर्धक सेलची शक्ती त्या प्रवाहाच्या इशाऱ्याबरहुकूम स्पीकरला देतो. म्हणून आजीचा आवाज तोच राहतो, फक्त मोठा होतो.

आता पिनेकडे नीट पाहा. तिची जाडी ३.५ मिलिमीटर असते. तिच्यावर दोन बारीक पट्ट्या दिसतात. त्यांमुळे पिनेचे तीन भाग होतात. टोकाच्या भागातून डाव्या स्पीकरचा प्रवाह जातो. मधल्या भागातून उजव्या स्पीकरचा जातो. बुडाचा भाग दोघांना सामाईक असतो. पिन अर्धवट बसली तर हे भाग आपापल्या जागी टेकत नाहीत. मग एकाच बाजूने आवाज येतो किंवा खरखर होते.

जोडणी करताना हा क्रम लक्षात ठेवा. प्रथम यंत्राचा आणि स्पीकरचा, दोन्हींचा आवाज अगदी कमी करा. मग पिन सरळ आत सरकवा. ती पूर्ण बसली पाहिजे. नंतर स्पीकर चालू करा. यंत्राचा आवाज निम्म्यापर्यंत न्या आणि शेवटी स्पीकरचा आवाज हळूहळू वाढवा. आवाज फाटू लागला तर यंत्राचा आवाज थोडा कमी करा. ताईने असेच केले. मग काय! गोष्ट सुरू झाली आणि सारे घर आजीभोवती बसल्यासारखे बसले.

काही गोष्टी मात्र कधीही करू नयेत. उघड्या तारा पिनेच्या भोकात घालू नयेत. भिंतीवरील विजेच्या भोकात तर मुळीच घालू नयेत. अमेरिकेत घरातील वीज १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. म्हणून तिकडून आणलेला विजेवरचा स्पीकर येथे तसाच जोडू नये. तो जळू शकतो. आधी मोठ्या माणसांना दाखवावे.

हेडफोन लावतानाही आवाज कमीच ठेवावा. आपल्या कानात आवाज टिपणाऱ्या अतिशय नाजूक पेशी असतात. फार मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

आज वॉकमन क्वचितच दिसतो. अनेक नव्या मोबाइलना पिनेचे भोकही नसते. स्पीकर तारेशिवाय जोडले जातात. तरीही अशा स्पीकरच्या पोटात ध्वनिवर्धक असतोच, आणि त्याला शक्तीही लागतेच. एका कानापुरता आवाज घरभर न्यायचा, तर त्यासाठी बळ कोठून तरी आणावेच लागते.

शब्दार्थ
कासरा – बैलांना वळवण्यासाठी हातात धरायची दोरी.
कर्णा – आवाज दूरवर जावा म्हणून वापरायची, पुढे रुंद होत जाणारी नळी.
सामाईक – दोघांचा मिळून असलेला.
बरहुकूम – प्रमाणे.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एडिसनने फोनोग्राफ कोठे तयार केला?
(आ) ट्रान्झिस्टरचा शोध कोणत्या साली लागला?
(इ) पिनेचे किती भाग असतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) साध्या स्पीकरमधून आवाज अगदी बारीक आला.
(आ) ध्वनिवर्धकाला सेल लागतात.

प्र. ३. बैलगाडी आणि ध्वनिवर्धक यांत कोणते साम्य आहे, ते पाच ओळींत लिहा.

उपक्रम : मोबाइलवर कमी आवाजात गाणे लावा. मोबाइल रिकाम्या, कोरड्या पातेल्यात उभा ठेवा. आवाजात काय फरक पडतो, ते वहीत लिहा. नंतर घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून एखादी गोष्ट रेकॉर्ड करून घ्या आणि सर्वांनी मिळून ऐका.